'बर्ड' : झांज पडली, पण पुढचा उन्हाळा कुठे गेला?

चौथी पट्टी (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी रात्री 'बर्ड' तिसऱ्यांदा पाहिला. क्लिंट ईस्टवूडचा, 1988चा, चार्ली पार्करच्या आयुष्यावरचा. दोन तास एकेचाळीस मिनिटं, त्यातला निम्माअधिक वेळ रात्र, पाऊस आणि अंधाऱ्या खोल्या. संपल्यावर झोप लागली नाही. सिनेमा मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच्याशी भांडायचंय, आणि एकट्याने भांडून होत नाही म्हणून धागा काढतोय.

ज्यांना पार्कर माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्म 29 ऑगस्ट 1920, कॅन्सस सिटी. वाद्य अल्टो सॅक्सोफोन, टोपणनाव 'बर्ड'. 1940च्या दशकात त्याने आणि डिझी गिलेस्पीने, आणखी काही जणांच्या साथीने, बीबॉप नावाची शैली उभी केली. तोवर जॅझवर लोक प्रामुख्याने नाचायचे. हे आलं आणि बसून, कान देऊन ऐकणं भाग पडलं. हेरॉइन आणि दारू आयुष्यभर मागे लागली. 12 मार्च 1955ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, तिथेच राहणाऱ्या आणि त्याला आसरा देणाऱ्या बॅरोनेस निकाच्या घरी, टीव्ही बघता बघता तो गेला. मृतदेह पाहणाऱ्या डॉक्टरांनी वयाचा अंदाज केला पन्नास ते साठ. तो चौतीस वर्षांचा होता.

आता सिनेमा. त्यात एक झांज आहे. 1936 साली कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबमध्ये पंधरा-सोळा वर्षांचा चार्ली मोठ्यांच्या जॅम सेशनमध्ये (वादकांनी जमून आयत्या वेळी वाजवण्याच्या बैठकीत) घुसला. सुरुवात बरी झाली, पुढे स्वर बदलताना वाट चुकली. काउंट बेसीचा ड्रमर जो जोन्स याने आपली झांज काढली आणि त्याच्या पायाशी भिरकावली. ही घडलेली गोष्ट. ईस्टवूडने ती झांज हवेत गरगरत, सावकाश उडवली आहे आणि सिनेमाभर ती पुन्हा पुन्हा येते. खण्णकन पडते. दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

पण झांज पडल्यावर काय झालं? हसं झालेलं ते पोरगं पुढच्या वर्षी, 1937च्या उन्हाळ्यात, ओझार्कच्या डोंगराळ भागातल्या एका सुट्टीच्या ठिकाणी जॉर्ज ली यांच्या बँडबरोबर काम करायला गेलं. बरोबर बेसीच्या रेकॉर्डी नेल्या, सॅक्सवाल्या लेस्टर यंगचे सोलो असलेल्या. एकेक सोलो ऐकायचा, थांबायचं, वाजवून बघायचं, पुन्हा ऐकायचा. बँडमधल्या जाणत्यांना धरून हार्मनी शिकायची. परत आला तेव्हा गावातले वादक चाट पडले. 1954 साली पॉल डेझमंड या सॅक्सवाल्याशी रेडिओवर बोलताना पार्करने स्वतः सांगितलंय की तीन-चार वर्षं तो रोज अकरा ते पंधरा तास वाजवत होता, इतकं की 'घर सोडा' असं आईला सांगण्यापर्यंत शेजारी आले होते.

हा उन्हाळा सिनेमात नाही. तट्टावर बसून पावा फुंकणारं लहान मूल दिसतं, मग ओसरीवर सॅक्स वाजवणारा एक मुलगा, आणि लगेच पार्कर झालेला फॉरेस्ट विटेकर रंगमंचावर घामाघूम होऊन वाजवतोय. मधली वर्षं गायब.

आणखी एक. त्याच ओझार्कच्या रस्त्यावर 1936च्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, नोव्हेंबरात, चार्ली आणि साथीदारांची गाडी घसरली होती. एक साथीदार दगावला, चार्लीच्या बरगड्या मोडल्या. त्या दुखण्यावरच्या मॉर्फीनमधून पुढचं व्यसन लागलं असं सांगितलं जातं. वर्षही झालं नाही तोवर त्याच रस्त्याने जाऊन तो विद्या घेऊन आला. एकाच रस्त्यावर दोन्ही गोष्टी भेटलेला माणूस, आणि सिनेमा बघून फक्त एकच कळते.

मला हे इतकं का लागतं तेही सांगतो. माझा धाकटा मामा बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. साताऱ्याकडचा बँड. लाल कोट, सोनेरी नाड्या, लगीनसराईत पंधरा-पंधरा दिवस घरी पत्ता नाही. प्यायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी लिव्हरने गेला. आजही गावात त्याचं नाव निघालं की लोक कौतुकाने सांगतात, "घोट पोटात गेल्याशिवाय त्याचं वाद्य बोलत नव्हतं." लहानपणी मलाही ते खरं वाटायचं. 'बर्ड' बघून बाहेर पडणाऱ्या माणसालाही तेच खरं वाटेल, ही माझी तक्रार आहे.

पाहिला असेल त्यांनी लिहा. पाहिला नसेल तरी लिहा.

---

तिसरी घंटा

धागा काढल्याबद्दल आभार. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा सिनेमा आधी कानाचा.

या सिनेमाला ध्वनीचं ऑस्कर मिळालं आणि ते का मिळालं हे समजून घेण्यासारखं आहे. विटेकरच्या हातात सॅक्स आहे, पण ऐकू येतो तो खरा पार्कर. जुन्या मोनो (सगळी वाद्यं एकाच ट्रॅकवर असलेल्या) रेकॉर्डिंगमधून फक्त त्याचा सॅक्स उचलला. मागचा पियानो, बास, ड्रम जमेल तितका गाळून टाकला आणि सिनेमाचे संगीतकार लेनी नीहाउस यांच्या देखरेखीखाली नवी साथ स्टुडिओत वाजवून घेतली. पार्करची पत्नी चॅन हिच्याकडच्या खासगी टेपाही वापरल्या. जिथे मूळ वादन मिळेना तिथे चार्ल्स मॅक्फर्सन हा सॅक्सवाला वाजवतो. आज घरच्या लॅपटॉपवर गाण्यातून आवाज वेगळा करता येतो. 1988मध्ये हे काम म्हणजे ओल्या भिंतीवरून चित्राचा एकच रंग सोलून काढण्यासारखं होतं.

साथीला कोण होते बघा: रे ब्राउन, रॉन कार्टर, बॅरी हॅरिस. यातला बासवाला रे ब्राउन पार्करच्या हयातीत त्याच्याबरोबर वाजवलेला माणूस. मी नेहमी त्या स्टुडिओचा विचार करतो. बासवाला हेडफोन लावून बसलाय, कानात तेहतीस वर्षांपूर्वी गेलेला मित्र वाजवतोय, आणि हा त्याला ठेका देतोय. मित्र थांबणार नाही, वळून बघणार नाही, लय कमीजास्त करणार नाही. यानेच जुळवून घ्यायचं.

तुमच्या मुद्द्याबद्दल: मला घडण दिसते, ती विटेकरच्या बोटांत. त्याने बोटं इतकी पक्की केली आहेत की आवाज बंद करून बघितलं तरी तुकडा ओळखता येतो. कानच्या महोत्सवात त्याला अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते उगीच नाही.

---

काळी पाच

तिसरी घंटा, तुमचं तांत्रिक वर्णन सुंदर आहे, पण नेमका तिथेच माझा विरोध आहे.

बीबॉप हे एकट्याचं संगीत नाही. पार्कर एखादी ओळ टाकतो आणि मॅक्स रोच तिला ड्रमवर उत्तर देतो, ते उत्तर ऐकून पार्कर पुढची ओळ वळवतो. साथ पुसली म्हणजे संभाषणातल्या एकाची वाक्यं ठेवली आणि दुसऱ्याची खोडून तिथे नव्या माणसाकडून नवी लिहून घेतली. वादक कितीही थोर असोत, पार्कर त्यांना उत्तर देत नाहीये. आपल्याकडे कुणी वसंतरावांची बंदिश ठेवून मूळ तबला पुसून नवा तबला चढवला तर आपण ऐकून घेऊ का?

आवाज स्वच्छ झाला हे मान्य. मला मात्र ती खरखरणारी मूळ तबकडीच हवी.

---

तिसरी घंटा

काळी पाच, तुमचा मुद्दा खोडता येत नाही. एवढंच म्हणेन की 1988मध्ये थिएटरच्या मोठ्या पडद्यासमोर बसलेल्या, पार्कर कधीच न ऐकलेल्या माणसाला ती खरखर ऐकवली असती तर तो 'जुनं काहीतरी' म्हणून सोडून गेला असता. माझ्यासारखे कित्येक जण या आवाजातून आत आले आणि मग मूळ तबकड्यांकडे गेले. दार म्हणून मी त्याचा ऋणी आहे.

---

नदीकाठ

मला या सिनेमातली तारांची रात्र विसरता येत नाही. मार्च 1954. पार्कर लॉस एंजेलिसला, चॅन न्यूयॉर्कला, आणि त्यांची लहान मुलगी प्री गेल्याची बातमी येते. तो रात्रभर चॅनला तारा पाठवत राहतो. एक झाली की दुसरी. मी येईपर्यंत काही करू नकोस, मी येतोय, मी तुझा नवरा आहे. या तारा खऱ्या आहेत, त्याने खरोखर पाठवल्या होत्या. विटेकर त्या सांगताना आवाज चढवत नाही. पत्ता सांगावा तसा सांगतो, आणि दर तारेत वाक्यं जरा जास्त तुटत जातात. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची होती. मला सिनेमा तिथे थांबवावा लागला होता.

पण चौथी पट्टी, तुमच्या 'मधली वर्षं गायब'चं एक साधं कारण आहे. पटकथा बऱ्याच अंशी चॅनच्या आठवणींवर उभी आहे. चॅनने त्याला पाहिलं तेव्हा तो आधीच 'बर्ड' होता. तिने जे पाहिलं नाही ते सिनेमात नाही. कॅन्सस सिटीची पहिली बायको रेबेका, जिच्याशी सोळा वर्षांचाही नसताना त्याचं लग्न झालं, ती नाही. आई ॲडी, जिने रात्रीची कामं करून त्याला वाद्य घेऊन दिलं, ती जवळजवळ नाही. त्या अकरा-पंधरा तासांच्या मेहनतीत घरात चूल कोण पेटवत होतं, हे त्या दोघींना माहीत होतं. त्यांना विचारलं असतं तर तुम्हाला हवा तो उन्हाळा मिळाला असता.

चॅनची बाजू खरी आहे आणि डायान व्हेनोराने ती जीव ओतून केली आहे. फक्त ती एका खिडकीतून दिसणारी बाजू आहे.

---

चौथी पट्टी

नदीकाठ ताई, हे मला सुचलंच नव्हतं. मी दिग्दर्शकाला दोष देत बसलो आणि साक्षीदार कोण हा प्रश्न विचारलाच नाही. दोन दिवस हे डोक्यात घोळणार.

---

सरळ रेघ

मी रियाजाच्या मुद्द्याशी सहमत नाही. रियाज पडद्यावर दाखवता येत नाही. एक माणूस एकच तुकडा तीनशे वेळा वाजवतोय, हे दोन मिनिटं बघवेल, नंतर प्रेक्षक उठेल. म्हणून सगळे दिग्दर्शक मग कॅलेंडरची पानं उडवतात. पडझड दाखवणं सोपं, कारण तिच्यात घटना असतात: भांडण, अटक, हॉस्पिटल. घडण्यात घटना नसते.

'राउंड मिडनाइट' (1986) पाहा. बर्ट्रांड तावेर्निए या फ्रेंच दिग्दर्शकाने नट घेतलाच नाही, डेक्स्टर गॉर्डन हा खराखुरा सॅक्सवाला घेतला आणि वादन सेटवरच ध्वनिमुद्रित केलं. गॉर्डनला अभिनयाचं ऑस्कर नामांकन मिळालं. तो नुसता खुर्चीतून उठून वाद्याकडे जातो, त्या चार पावलांत चाळीस वर्षांचा रियाज दिसतो. तो दाखवावा लागत नाही, अंगात असतो.

---

काळी पाच

सरळ रेघ, गॉर्डनबद्दल शंभर टक्के सहमत. ते पात्र पियानोवाला बड पॉवेल आणि लेस्टर यंग यांच्यावरून घडवलंय, आणि पॉवेलला पॅरिसमध्ये सांभाळणारा फ्रेंच चाहता हा त्याचा खरा आधार. गॉर्डन स्वतःही त्या सगळ्यातून गेलेला माणूस होता.

---

उंबरठा

मी व्यसनमुक्तीच्या कामात पंधरा वर्षं आहे. जॅझमधलं मला काही कळत नाही. धागा वाचून काल रात्री सिनेमा पाहिला. त्यावर लिहिते.

आमच्याकडे हेरॉइनला अजून 'गर्द' म्हणतात. 80च्या दशकात पुण्या-मुंबईत ती लाट आली तेव्हा 'मुक्तांगण' सुरू झालं, 1986 साली. गर्द न मिळाल्यावर जे होतं त्याला आमच्याकडचे मित्र 'टर्की' म्हणतात. नाक-डोळे गळतात, पोटात पिळे येतात, हाडं आतून कुरतडल्यासारखी दुखतात, झोप नाही. सिनेमात मला टर्की बरोबर दिसली. गर्द मिळेना म्हणून दारूने भागवणं, तेही बरोबर. आमच्याकडे असे कितीतरी येतात.

चुकतं कुठे, तर माणूस नशेत असताना मोठा दिसतो. उजेड, घाम, टाळ्या. शुद्धीत असताना तो घरात अवघडून बसलेला दिसतो. आमच्याकडे येणारा प्रत्येक वादक, नट, कवी (असे पुष्कळ येतात) पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारतो: "सोडली तर माझ्यातलं जाईल का?" ही भीती खरी असते. कधी कधी ती टर्कीपेक्षाही मोठी असते. म्हणून असे सिनेमे बघताना मी फार सावध असते.

चौथी पट्टी, तुमच्या मामांच्या गावातलं ते वाक्य मी वेगवेगळ्या गावांतून ऐकलेलं आहे. वाद्य बदलतं फक्त.

---

चौथी पट्टी

उंबरठा, तुमच्या प्रतिसादासाठी धागा काढला असं वाटतंय.

तुमच्या मित्रांच्या त्या प्रश्नाला पार्करनेच उत्तर देऊन ठेवलंय. 1949 साली 'डाउनबीट' मासिकाच्या मुलाखतीत तो साफ म्हणाला होता की गांजा ओढून, सुई टोचून किंवा दारू पिऊन मी जास्त चांगलं वाजवतो असं जो वादक म्हणतो तो खोटारडा आहे. हे म्हणणारा बाहेरचा कुणी उपदेशक नव्हता. ज्याची अवस्था सगळ्या न्यूयॉर्कला माहीत होती तो माणूस हे म्हणत होता.

आणि पुरावाही आहे. 29 जुलै 1946, लॉस एंजेलिस, 'लव्हर मॅन'चं ध्वनिमुद्रण. त्याला माल पुरवणारा तुरुंगात गेला होता. पार्कर टर्कीत, वरून व्हिस्की ढोसलेली. उभं राहवत नव्हतं, धरून माइकसमोर ठेवावा लागला. तबकडी ऐका: सुरुवातीला जिथे यायचं तिथे तो येतच नाही, साथ चालू राहते, मग कुठून तरी सापडल्यासारखा येतो. त्याच रात्री हॉटेलात आग, अटक, आणि पुढे कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात सहा महिने. ती तबकडी बाजारात आणली म्हणून तो फार संतापला होता. कित्येक रसिक मात्र तीच 'सर्वांत हृदयस्पर्शी' म्हणून ऐकवतात. मीही ऐकवायचो. आता नाही ऐकवत.

कॅमरिलोतून फेब्रुवारी 1947च्या सुमारास बाहेर आला तेव्हा अंग भरलेलं, झोप झालेली, रक्त स्वच्छ. त्यानंतरचं त्या वर्षीचं वादन ऐका आणि दोन्ही शेजारी ठेवा.

---

गच्चीवरचा वारा

वाचतोय. जॅझ कधीच ऐकलं नाही. पार्कर ऐकायचा तर सुरुवात कुठून करावी?

---

काळी पाच

गच्चीवरचा वारा, आधी 'नाउज द टाइम' (1945). ब्लूज आहे, धून लगेच तोंडात बसते. मग 'पार्कर विथ स्ट्रिंग्ज'मधलं 'जस्ट फ्रेंड्स' (1949), व्हायोलिनांच्या मऊ गादीवर त्याचा सॅक्स. मग 'को-को', 26 नोव्हेंबर 1945. ते पहिल्यांदा कळणार नाही. दहाव्यांदा कळायला लागेल. 'चेरोकी' नावाच्या गाण्याच्या स्वरबंधावर ते बांधलंय. गाण्याची चाल फेकून दिली, खालचा सांगाडा ठेवला आणि त्यावर नवी इमारत. बीबॉपची ही नेहमीची रीत.

नंतर मॅसी हॉलची मैफल, टोरंटो, 15 मे 1953. त्या दिवशी त्याच्या हातात प्लास्टिकचा ग्राफ्टन सॅक्स होता. पांढरं प्लास्टिक. ऐकून सांगा कुठे कमी पडतो का.

---

पाणपोई

एका गोष्टीवर अजून कुणी बोललं नाही, ती म्हणजे कातडीचा रंग.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा 'कॅबरे कार्ड' असायचं. दारू विकली जाते अशा जागी वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कार्ड हवं. अमली पदार्थाच्या प्रकरणात ते काढून घेता यायचं. पार्करचं 1951मध्ये गेलं आणि दोनेक वर्षं गेलेलंच राहिलं. त्याच्याच टोपणनावावरून 'बर्डलँड' हा क्लब ब्रॉडवेवर 1949च्या डिसेंबरात उघडला होता. पाटीवर नाव याचं, आणि आत वाजवायला याला परवानगी नाही. कर्जं, गहाण पडलेला सॅक्स, मुलीच्या आजारपणात पैसा नसणं, हे सगळं त्या एका कार्डाला बांधलेलं आहे. आजारी माणसाला औषध द्यायचं सोडून त्याचं काम काढून घेतलं. सिनेमात हे येतं, पण पार्कर स्वतःच्या हाताने स्वतःला संपवतो हाच ठसा उरतो. संपवायला मदत करणारे इतर हात पुसट आहेत.

रेड रॉडनीचा दक्षिणेतला दौरा मात्र चांगला घेतलाय. गोरा ट्रम्पेटवाला काळ्यांच्या बँडमध्ये चालणार नाही म्हणून त्याला 'अल्बिनो रेड' ठरवून गायला लावतात. 1950मधली खरी गोष्ट. बघताना हसू येतं आणि लगेच घशात अडकतं.

---

उंबरठा

पाणपोई, पूर्ण सहमत. माणसाकडून काम काढून घेतलं की त्याच्याकडे दिवसभराचा वेळ आणि नशा एवढंच राहतं. आम्ही सगळ्यात आधी काम शोधून देतो ते यासाठीच.

---

खारा वारा

मडगावहून लिहितोय. हा धागा वाचताना मला आमचा 'नाचुंया कुंपासार' आठवत राहिला. बार्द्रॉय बार्रेटो यांचा कोंकणी सिनेमा, 2015मध्ये थिएटरांत आला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. नावं बदललेली आहेत, पण गोव्याचे संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची ती कथा आहे हे गोव्यात पोराटोरांनाही कळतं. गाणी तर क्रिस पेरींचीच, नव्याने ध्वनिमुद्रित केलेली.

आमच्या आजोबांच्या पिढीचे वादक चर्चच्या शाळेत घडले. मेस्त्री छडी घेऊन सोल्फेज (स्वरलिपी वाचून सूर गाणं) घोकून घ्यायचा, मग व्हायोलिन. वाचता आलं की मुंबई. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (1951) ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. ज्यांना वाटतं जॅझ म्हणजे परकी गोष्ट, त्यांनी आपल्या चितळकरांचं संगीत पुन्हा ऐकावं. तो ट्रम्पेट गोव्याच्या चर्चमधून आलाय.

नदीकाठ ताईंनी खिडकीचं म्हटलं ते मला फार पटलं. 'नाचुंया'मध्ये शेवटी मनात राहते ती बाई. पालोमी घोषने केलेली डोना. थोर कलाकाराच्या शेजारी उभं राहण्याची किंमत तिने भरली. खऱ्या लॉर्नाचा आवाज वीसहून अधिक वर्षं बंद होता, 1995मध्ये ती पुन्हा गायली. माझी आई त्या दिवसांत कॅसेट लावून स्वयंपाकघरात उभीच राहिली होती, हात कणकेत तसेच. भाकऱ्या त्या दिवशी उशिराने झाल्या.

'बर्ड'मध्ये चॅन सांगते, पण गोष्ट त्याचीच. आमच्या सिनेमात गोष्टच तिची होते. मला वाटतं चरित्रपट करणाऱ्यांनी हे करून बघावं.

---

जुना तिकीटमास्तर

वय वर्षं अडुसष्ट. चौथी पट्टी यांच्या मूळ मुद्द्याला धरून एक गोष्ट सांगतो.

30 जानेवारी 1953. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं ध्वनिमुद्रण. पार्कर टेनर सॅक्स घेऊन आलेला आणि बाजूला विशीतला सॅक्सवाला सॉनी रॉलिन्स. रॉलिन्सला पार्कर देवासारखा, आणि पार्कर घेतो म्हणून पोरांनीही सुई घेतली, तसा हाही. पार्करने विचारलं, सोडलीस ना? हा म्हणाला, सोडली. त्याच दिवशी खोटं उघड झालं. रॉलिन्सने पुढे अनेकदा सांगितलंय की पार्करच्या चेहऱ्यावरची ती निराशा बघून त्याने ठरवलं. 1955मध्ये लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात जाऊन तो बरा झाला. बर्डला दाखवायचं होतं, पण तोवर बर्ड गेला होता.

पुढचं ऐका. 1959मध्ये, नावारूपाला आलेला असताना, रॉलिन्स काम थांबवतो आणि दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करतो. उन्हात, बर्फात, खालून बोटी, बाजूने आगगाड्या. आणि 60च्या दशकाच्या अखेरीस हा माणूस आपल्या पवईला येतो, चिन्मयानंदांच्या आश्रमात, योग आणि वेदान्त शिकायला. 1978मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेत रंगभवनला वाजवायला आला. मी तेव्हा कॉलेजात होतो, मागे उभा राहून ऐकला. जाडजूड माणूस, वाजवताना सगळ्या रंगमंचावर फिरत होता, आणि उघड्यावरच्या त्या जागेत त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत भरून येत होता. पार्करच्या त्या एका नजरेचा हा परिणाम होता हे मला फार वर्षांनी, त्याच्या मुलाखती वाचल्यावर कळलं.

या माणसावर कुणी पडद्यासाठी कथा लिहावी. सरळ रेघ म्हणतात रियाज दाखवता येत नाही. पुलावरचा रियाज दाखवता येईल.

---

सरळ रेघ

तिकीटमास्तर, तुमच्यापुढे मी माझा मुद्दा मागे घेतो. पूल दाखवता येईल. 1937चा तो उन्हाळाही दाखवता येईल, रेकॉर्डवरची सुई उचलणारा हात आणि पुन्हा ठेवणारा हात.

---

नदीकाठ

चौथी पट्टी, एक विचारू? मामींना तुम्ही कधी विचारलंत का?

---

चौथी पट्टी

नदीकाठ ताई, नव्हतं विचारलं. तुमचा प्रश्न वाचला आणि रविवारी गावी गेलो.

मामी आता सत्तरीला आल्या. मी म्हटलं, मामा वाजवायला कसा शिकला? त्या म्हणाल्या, "आजवर कुणी विचारलं नाही बाबा. सगळे पितो कधीपास्नं तेवढंच विचारायचे."

मग सांगायला लागल्या. चातुर्मासात लग्नं नसतात, सुपारी नसते. तेव्हा मामा शेतावरच्या गोठ्यात जाऊन बसायचा. पहाटे धारा काढायच्या वेळी सुरू व्हायचा. गाणं नाही, नुसता एक सूर. दम संपेपर्यंत एकच सूर, मग पुढचा. भिंतीकडे तोंड करून, कारण भिंतीवरून आवाज परत आला की चूक कळते, असं त्याचं म्हणणं. ओठ फुटायचा, मामी तूप लावून द्यायच्या. मास्तरांनी एका वरातीत सगळ्यांदेखत वाद्य काढून घेतलं होतं त्याच्याकडून, लग्न व्हायच्या आधी कधीतरी. त्यानंतरचे तीन पावसाळे तो गोठ्यात होता. "तेव्हा थेंबाला शिवत नव्हता," मामी म्हणाल्या. "दारू मागनं आली. वाजवायला यायला लागल्यावर लोकांनीच पाजली. वरातीत आधी बाटली पुढं करायचे, मग फर्माईश."

उठताना त्यांनी फडताळातून पावडरीचा एक जुना डबा काढून दिला. आत क्लॅरोनेटच्या रीड आहेत, एकूण अकरा. प्रत्येक रीडच्या मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने बारीक आकडे. मी मामींना विचारलं हे काय. त्या म्हणाल्या, एक रीड किती दिवस चालली ते लिहून ठेवायचा. चार रीडवर आकड्यांशेजारी 'श्रा.' असं लिहिलंय. श्रावण.